क्लाउडवरील सर्व्हर, डेटाबेस आणि बकेट पायथॉनच्या ऑब्जेक्टमधून सांभाळताना कोणती पद्धत निवडावी?

प्रश्न | पेटीहिशेब, नाशिक

नमस्कार.

आम्ही निर्यातक्षम द्राक्षांच्या पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर तयार करतो. बागेची नोंद, तोडणीची तारीख, अवशेष तपासणीचे अहवाल, पेट्यांची वजने आणि कंटेनरची कागदपत्रे हे सगळे त्यात राहते. अपेडाच्या (कृषी निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या) ग्रेपनेट या द्राक्षनोंदणी प्रणालीवर जी माहिती भरावी लागते, तिची जुळवाजुळवही पॅकहाउसचे लोक आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये करतात. आमचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल असा असतो. त्या काळात दिंडोरी, निफाड आणि पिंपळगाव बसवंत भागातली पॅकहाउस रात्री उशिरापर्यंत चालतात आणि सर्व्हरवरचा भार कितीतरी पटींनी वाढतो. खरड छाटणी सुरू झाली की तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे दर वर्षी हंगामापूर्वी सर्व्हर उभे करणे आणि हंगामानंतर ते आवरणे हे आमचे ठरलेले काम आहे.

सगळी यंत्रणा एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये आहे. प्रत्येक पॅकहाउससाठी एकदोन ईसी२ इन्स्टन्स (भाड्याचे आभासी सर्व्हर), एक आरडीएस डेटाबेस (एडब्ल्यूएस चालवते तो) आणि अहवालांच्या पीडीएफसाठी एक एस३ बकेट (फाइलींची साठवण) असते. आजवर हे सर्व वेब कन्सोलवरून हाताने होत असे. ग्राहक वाढल्यामुळे आता ते पायथॉन आणि बोटो३ या एडब्ल्यूएसच्या पायथॉन लायब्ररीने करायचे ठरले आहे. आमचे दोन सहकारी जावामधून आलेले असल्यामुळे त्यांचा ओढा स्वाभाविकच क्लासकडे आहे, आणि बोटो३मधला रिसोर्स हा ऑब्जेक्ट-ओरिएंटेड इंटरफेस त्यांना फार आवडला. इन्स्टन्स हे एक ऑब्जेक्ट, बकेट हे दुसरे ऑब्जेक्ट आणि त्यांवर सुरू कर, बंद कर, काढून टाक अशा मेथड, ही मांडणी वाचायलाही सोपी वाटते. मात्र तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिली अडचण अशी की, इन्स्टन्स बंद करण्याची मेथड बोलावल्यानंतर आम्ही एका लूपमध्ये त्याच ऑब्जेक्टची स्थिती तपासत राहतो, पण ती 'स्टॉपिंग'च्या पुढे सरकतच नाही. कन्सोलवर तोच सर्व्हर केव्हाच बंद झालेला दिसत असतो. दुसरी अडचण बकेटची आहे: फाइलींची नावे आणि आकार भराभर छापले जातात, पण प्रत्येक फाइलचा कंटेंट टाइप (फाइलचा प्रकार) विचारला की तोच लूप अतिशय मंद होतो. तिसरी अडचण म्हणजे आरडीएससाठी असे रिसोर्स ऑब्जेक्ट मिळतच नाही.

रिसोर्सवरच पुढे बांधकाम करावे, की स्वतःचे क्लास लिहावेत? उद्या दुसऱ्या क्लाउडवर जावे लागले तर उपयोगी पडेल म्हणून लिबक्लाउडसारखी, अनेक क्लाउड एकाच पद्धतीने हाताळणारी लायब्ररी आताच घ्यावी का, असाही एक विचार आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


उत्तर | सातपूरकर

आपल्या पहिल्या दोन अडचणींचे मूळ एकच आहे, म्हणून आधी त्यांचा उलगडा करतो.

बोटो३मध्ये इन्स्टन्सचे ऑब्जेक्ट तयार करताना आपण फक्त त्याचा आयडी देतो आणि त्या क्षणी एडब्ल्यूएसकडे कोणतीही विचारणा होत नाही. आयडी चुकीचा असला तरी ऑब्जेक्ट विनातक्रार तयार होते. आपण स्टेट, टॅग (साधनाला लावलेली नाव-मूल्याची चिठ्ठी) किंवा खासगी आयपी यांपैकी एखादा गुणधर्म प्रथम वाचतो तेव्हा लायब्ररी आपणहून 'लोड' ही मेथड चालवते, तिच्यातून एडब्ल्यूएसला एक कॉल जातो आणि आलेले संपूर्ण उत्तर ऑब्जेक्टमध्ये साठवून ठेवले जाते. त्यानंतर कितीही वेळा विचारले तरी साठवलेलेच उत्तर परत मिळते. म्हणून ते ऑब्जेक्ट म्हणजे सर्व्हर नसून, एखाद्या दिवशी काढलेला सातबाराचा उतारा आहे. उतारा हातात असताना तलाठी कार्यालयात फेरफार झाला, तर कागदावरचे नाव आपोआप बदलत नाही.

आपल्या लूपमध्ये नेमके काय घडते ते पाहा. 'स्टॉप' ही मेथड चालली की लायब्ररी जुने साठवलेले उत्तर टाकून देते, त्यामुळे लगेच नंतरच्या वाचनात ताजी स्थिती मिळते, आणि त्या वेळी ती 'स्टॉपिंग' असते. हे उत्तर पुन्हा साठवले जाते आणि लूप संपेपर्यंत, म्हणजे कायमचे, तेच वाचले जाते. यावर उपाय दोन आहेत. प्रत्येक फेरीत 'रीलोड' बोलावता येते, किंवा स्वतःचा लूप काढून टाकून लायब्ररीतली 'वेट अंटिल स्टॉप्ड' ही मेथड वापरता येते. ती दर १५ सेकंदांनी विचारणा करते आणि ४० प्रयत्नांनंतर, म्हणजे सुमारे १० मिनिटांनी, त्रुटी देऊन थांबते. मी दुसरा उपाय सुचवेन, कारण पहिल्यात वेळेची मर्यादा आपल्यालाच लिहावी लागते आणि ती बहुतेक ठिकाणी लिहिलेली नसते. दोन्ही प्रकारांत पुढचे गुणधर्म वाचण्यापूर्वी रीलोड करावे. आणखी एक बारकावा असा की, एकाच आयडीची दोन ऑब्जेक्ट तयार केली तर पायथॉन त्यांना समान मानतो, पण प्रत्येकाची साठवण वेगळी असते. एकाने रीलोड केले म्हणून दुसरे ताजे होत नाही.

बकेटची मंदगतीही याच स्वभावातून येते. फाइलींची यादी मागितली की एस३ एका कॉलमध्ये १००० पर्यंत नोंदी देते आणि त्या नोंदींमध्ये नाव, आकार, बदलाची वेळ एवढे असते. त्यामुळे हे गुणधर्म वाचायला वेगळा कॉल लागत नाही. कंटेंट टाइप मात्र यादीत नसतो. तो विचारला की प्रत्येक फाइलसाठी स्वतंत्र विचारणा जाते. वीस हजार पीडीएफ असतील तर यादीचे वीस कॉल आणि कंटेंट टाइपचे वीस हजार. कोडमध्ये दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, आणि माझा या इंटरफेसवर मुख्य आक्षेप हाच आहे. जावामध्ये गेटर म्हणजे स्मृतीतले मूल्य परत देणारी बिनखर्चाची मेथड, अशी सवय झालेली असते. इथे साधे गुणधर्म-वाचन नेटवर्कवर जाऊ शकते, मर्यादेपेक्षा जास्त विचारणा झाल्याने नाकारले जाऊ शकते, परवानगीअभावी एक्सेप्शन फेकू शकते. वाचणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

आता तिसरी अडचण. रिसोर्स इंटरफेस ईसी२, एस३, आयएएम (परवानग्यांची सेवा), डायनॅमोडीबी, एसक्यूएस अशा मोजक्याच सेवांसाठी आहे. आरडीएस आणि लॅम्डा त्यांत नाहीत. शिवाय या इंटरफेसमध्ये नवीन सुविधा घालण्याचा विचार नाही, असलेले चालू राहील, आणि नव्या सुविधांसाठी क्लायंट इंटरफेस (ज्यात एडब्ल्यूएसचा प्रत्येक कॉल आपण थेट करतो) वापरावा, असे बोटो३च्या दस्तऐवजातच लिहिलेले आहे. आपल्याला डेटाबेससाठी क्लायंट वापरावाच लागणार आहे, तर नवा कोड सरळ क्लायंटवर लिहावा आणि ऑब्जेक्टची मांडणी आपल्या हातात ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ती मांडणी करताना एडब्ल्यूएसची नामे क्लास म्हणून पुन्हा लिहून काढू नयेत. सर्व्हर, डिस्क, बकेट असे क्लास लिहिले तर आपण बोटो३चीच एक अपुरी प्रत तयार करू. आपल्या व्यवसायातले एकक 'एका पॅकहाउसचे वातावरण' हे आहे. त्याचा एक क्लास असावा, त्यात हंगाम सुरू करणे, हंगाम बंद करणे आणि सद्यस्थिती विचारणे एवढ्याच मेथड असाव्यात, आणि ईसी२, आरडीएस व एस३चे क्लायंट त्याला बाहेरून द्यावेत. सद्यस्थिती हा गुणधर्म नसून मेथड असावी, म्हणजे कंसांची जोडी पाहताच वाचणाऱ्याला कळेल की इथे विचारणा होते आहे. तिने जे परत द्यायचे ते न बदलणारे, वेळेची नोंद असलेले डेटाक्लास (फक्त माहिती ठेवणारे ऑब्जेक्ट) असावे.

इनहेरिटन्सचा मोह मात्र टाळावा. बंद करता येणारी साधने असा एक मूळ क्लास आणि त्याखाली ईसी२ व आरडीएस, अशी रचना आपल्या जावावाल्या सहकाऱ्यांना हमखास सुचेल. कागदावर ती छान दिसते. पण बंद केलेला ईसी२ इन्स्टन्स आपण सुरू करेपर्यंत बंद राहतो, आणि बंद केलेला आरडीएस डेटाबेस सात दिवसांनी एडब्ल्यूएस आपणहून पुन्हा सुरू करते. मेथडचे नाव एकच आणि हमी वेगळी. आपल्यासारख्या हंगामी कामात हा फरक थेट बिलात दिसतो: मे महिन्यात बंद केलेला डेटाबेस पुढचे सात महिने बंद राहील, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी स्नॅपशॉट (डेटाबेसची त्या क्षणाची प्रत) घेऊन डेटाबेस काढून टाकणे आणि डिसेंबरमध्ये तो स्नॅपशॉटवरून पुन्हा उभा करणे, हाच मार्ग बरा. ईसी२ बंद असतानाही त्याच्या ईबीएस डिस्कचे भाडे चालूच राहते आणि इलॅस्टिक आयपी (राखून ठेवलेला सार्वजनिक पत्ता) जोडून ठेवला असेल तर त्याचेही. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर आकारले जातात, मग तो वापरात असो वा नसो.

क्लायंटवर आल्यावर एक सोय गमवावी लागते. रिसोर्सच्या कलेक्शनमध्ये पुढची पाने आपोआप मागवली जात. क्लायंटमध्ये पुढची पाने मागवणारा पेजिनेटर आठवणीने वापरावा लागतो, नाहीतर एस३ची यादी १००० नोंदींवर आणि आरडीएसची १०० नोंदींवर, कोणतीही त्रुटी न देता, थांबते.


उत्तर | गोदाकाठ

लिबक्लाउडविषयी थोडे लिहितो, कारण तो प्रश्न वर बाजूला राहिला.

ही लायब्ररी २००९मध्ये क्लाउडकिक या कंपनीत सुरू झाली आणि २०११मध्ये अपाची फाउंडेशनचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाली. तिची ऑब्जेक्ट-ओरिएंटेड मांडणी खरोखर नेटकी आहे: प्रत्येक क्लाउडसाठी एक ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर कोणताही असला तरी नोड, आकार, इमेज आणि ठिकाण हीच ऑब्जेक्ट मिळतात. नोडची यादी मागणे, नवा नोड उभा करणे, तो रीबूट करणे, नष्ट करणे, एवढ्यात ज्याचे भागते त्याने ती अवश्य वापरावी. अनेक क्लाउडवरच्या मशीनची एकत्र यादी दाखवणारे पान लिहायचे असेल, तर त्यासाठी हिच्याइतके सोयीचे साधन मला माहीत नाही.

अडचण त्यापुढे आहे. सर्व क्लाउडना समान असलेला भाग लहान असतो, आणि जे एकाच क्लाउडचे खास असते त्यासाठी ड्रायव्हरमध्ये 'ईएक्स' आणि अधोरेषा या अक्षरांनी सुरू होणाऱ्या मेथड दिलेल्या असतात. सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरशी कोण जोडू शकेल याचे नियम), नेटवर्क आणि टॅग यांना हात घातला की या मेथड येऊ लागतात, आणि मग कोड नावाला सर्वांसाठीचा आणि प्रत्यक्षात एकाच क्लाउडचा होतो. ही लायब्ररीच्या लेखकांची चूक म्हणता येणार नाही. उलट वेगळेपण लपवण्याऐवजी त्यांनी ते नावातच उघड केले, हे मला प्रामाणिक वाटते. आपल्या प्रकल्पातल्या 'ईएक्स' मेथड मोजल्या तर स्थलांतराला किती काम पडेल, याचा अंदाजही मिळतो.

पेटीहिशेब यांच्या बाबतीत मुळात स्थलांतराचा खरा भार ईसी२मध्ये नाही. लिनक्सचा सर्व्हर कुठेही उभा राहतो. डेटाबेस हलवणे, पीडीएफ हलवणे आणि परवानग्यांची रचना पुन्हा लिहिणे हे काम मोठे आहे, आणि त्यात लिबक्लाउडची मदत फारशी होणार नाही. सातपूरकरांनी सांगितल्याप्रमाणे पॅकहाउसचे वातावरण हाच क्लास असेल, तर त्याच्या आतला भाग बदलणे पुरेसे होईल. कधीतरी लागेल म्हणून आज दुसऱ्या क्लाउडची तयारी करू नये.


उत्तर | अंबड_लिंक_रोड

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी तपशिलात सहमत आहे, पण मूळ प्रश्न आणखी एक पायरी खाली आहे असे मला वाटते.

क्लायंट वापरा किंवा रिसोर्स, आपण लिहिता आहात तो आज्ञांचा क्रम आहे: आधी सिक्युरिटी ग्रुप, मग इन्स्टन्स, मग डेटाबेस, मग टॅग. हा क्रम तिसऱ्या पायरीवर तुटला तर काय? इंटरनेट गेले, परवानगी कमी पडली, कोटा संपला, कोणतेही कारण असू शकते. स्क्रिप्ट पुन्हा चालवली तर पहिल्या दोन पायऱ्या पुन्हा होतील आणि दोन-दोन इन्स्टन्स उभे राहतील. हे टाळायला प्रत्येक पायरीआधी 'हे आधीच आहे का' असे विचारणारा कोड लिहावा लागतो, आणि तो लिहिता लिहिता आपण टेराफॉर्मची, म्हणजे हवी ती यंत्रणा लिहून दिली की ती उभी करणाऱ्या साधनाची, लहान आणि कमी तपासलेली आवृत्ती तयार करतो.

टेराफॉर्म २०१४पासून आहे आणि त्याची स्वतःची भाषा आहे, पण आपल्या सहकाऱ्यांना क्लासच हवे असतील तर त्याच जातीची साधने म्हणून एडब्ल्यूएसचा सीडीके किंवा पुलुमी पाहावा. दोन्हींमध्ये पायथॉन चालतो आणि दोन्हींत ऑब्जेक्टच तयार करावी लागतात. फरक असा की, तिथले बकेटचे ऑब्जेक्ट म्हणजे असलेल्या बकेटची माहिती नसून 'असे बकेट असावे' हे निवेदन असते. सीडीके त्या सर्व ऑब्जेक्टमधून क्लाउडफॉर्मेशन या एडब्ल्यूएसच्या उभारणी-सेवेचा साचा तयार करतो, आणि मागच्या वेळी लागू केलेला साचा व आताचा साचा यांतला फरक क्लाउडफॉर्मेशन भरून काढते. मध्येच काही बिघडले तर ते आधीच्या स्थितीवर परत आणण्याचा प्रयत्नही तेच करते. शिळ्या माहितीचा प्रश्न इथे निघतच नाही, कारण आपला प्रोग्राम सर्व्हरची स्थिती वाचतच नाही.

मात्र जावाची सवय असलेल्यांना सीडीकेमध्ये एक वेगळाच खड्डा आहे आणि तो आधीच सांगितलेला बरा. तिथे प्रत्येक साधनाची आतली ओळख ही ऑब्जेक्टच्या झाडातल्या त्याच्या जागेवरून ठरते. कोड नीटनेटका करण्यासाठी डेटाबेसचे ऑब्जेक्ट एका क्लासमधून उचलून दुसऱ्या नव्या कन्स्ट्रक्टमध्ये (सीडीकेच्या झाडातल्या घटकात) ठेवले, तर कोडचा अर्थ तोच राहतो, पण ओळख बदलते. मग क्लाउडफॉर्मेशनच्या दृष्टीने जुना डेटाबेस नकोसा झालेला असतो आणि नवा हवा असतो. नेहमीच्या प्रोग्रामिंगमध्ये जे निरुपद्रवी रिफॅक्टरिंग, ते इथे डेटाबेस बदलण्याचा आदेश ठरू शकते. म्हणून डिप्लॉय करण्यापूर्वी 'डिफ' (होणाऱ्या बदलांची यादी) वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि ज्यात माहिती साठते त्या साधनांची रिमूव्हल पॉलिसी (साच्यातून गेल्यावर साधन काढायचे की ठेवायचे, हा नियम) स्पष्ट लिहून ठेवावी.


उत्तर | सातपूरकर

अंबड_लिंक_रोड यांचा मुद्दा उभारणीपुरता मला मान्य आहे. पॅकहाउसचे नेटवर्क, परवानग्या, बकेट आणि डेटाबेस यांची पहिली उभारणी सीडीकेने करावी. तिथे मी माझी सूचना मागे घेतो.

पण पेटीहिशेब यांचे निम्मे काम उभारणीचे नाही, चालवण्याचे आहे. 'हा इन्स्टन्स आज रात्री बंद असावा' हे क्लाउडफॉर्मेशनच्या साच्यात लिहिताच येत नाही; तिथे साधन असते किंवा नसते. एप्रिलअखेरीस बंद करणे, निर्यातदाराचा कंटेनर अडकला म्हणून एका पॅकहाउसचे वातावरण मध्येच चार दिवस उघडणे, सगळ्यांच्या बकेटमधल्या अहवालांची मोजदाद करणे, ही कामे क्रमाचीच आहेत आणि त्यांसाठी बोटो३च लागेल. दोन्हींची सांगड टॅगने घालावी. सीडीकेने प्रत्येक साधनावर ग्राहकाचा आणि वातावरणाचा टॅग लावावा, आणि बोटो३च्या क्लासने आयडींची वेगळी वही न ठेवता दर वेळी टॅगवरून साधने शोधावीत. आयडी आपल्या डेटाबेसात जपून ठेवले की इन्स्टन्स बदलल्यावर ते जुने होतात, आणि मग पुन्हा तोच शिळ्या माहितीचा प्रश्न दुसऱ्या दारातून आत येतो.

कोट्याचा उल्लेख झाला म्हणून जाता जाता सांगतो. मुंबई रीजनमध्ये ऑन-डिमांड ईसी२ची मर्यादा प्रत्येक खात्याला व्हीसीपीयूच्या (आभासी प्रोसेसरच्या) संख्येने असते. २०२७च्या सिंहस्थासाठी वाहनतळ, निवास आणि भोजनाची ॲप करणाऱ्या मंडळींनी आणि द्राक्षवाल्यांनीही वाढीव कोट्याची विनंती आधीच करून ठेवावी. कोणत्याही लायब्ररीतले कोणतेही ऑब्जेक्ट ती मर्यादा ओलांडू शकत नाही.


पेटीहिशेब

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उभारणी सीडीकेने, चालवणे क्लायंटवरच्या आमच्या क्लासने आणि दोन्हींमधला दुवा टॅगचा, असे आम्ही ठरवले आहे. 'वेट अंटिल स्टॉप्ड' वापरल्यावर पहिली अडचण सुटली. कंटेंट टाइपची आम्हाला खरी गरजच नव्हती. फाइलच्या नावाचा शेवट पाहून भागते.

आता एक उरलेली शंका. चाचणीसाठी आम्ही तात्पुरते वातावरण उभे करतो आणि चाचणी संपली की ते काढून टाकायचे असते. आमच्या सहकाऱ्याने सुचवले आहे की, क्लासच्या डिस्ट्रक्टरमध्ये, म्हणजे पायथॉनच्या 'डेल' या खास मेथडमध्ये, साधने काढून टाकण्याचा कोड लिहावा, म्हणजे ऑब्जेक्ट गेले की सर्व्हरही जाईल. हे सुरक्षित आहे का?


उत्तर | गोदाकाठ

नाही, आणि हे दोन्ही बाजूंनी असुरक्षित आहे.

एका बाजूला, ती मेथड केव्हा चालेल हे आपल्या हातात नसते आणि प्रोग्राम संपताना ती चालेलच, अशी हमी पायथॉन देत नाही. तिच्यात उद्भवलेले एक्सेप्शनही पुढे जात नाही, फक्त एक इशारा छापला जातो. म्हणजे काढून टाकणे अयशस्वी झाले तरी चाचणी यशस्वी दिसेल. दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे: कुणी ते ऑब्जेक्ट एखाद्या फंक्शनमध्ये केवळ स्थिती पाहण्यासाठी तयार केले आणि फंक्शन संपले, तर चालू वातावरण नष्ट होईल. स्मृतीतल्या ऑब्जेक्टचे आयुष्य आणि मुंबईतल्या सर्व्हरचे आयुष्य यांची गाठ बांधू नये.

त्याऐवजी 'विथ' या विधानाने चालणारा कॉन्टेक्स्ट मॅनेजर लिहावा. त्यात चाचणी अपयशी ठरली तरी आवराआवरीचा कोड चालतो आणि सुरुवात-शेवट वाचणाऱ्याला समोर दिसतो. तरीही लॅपटॉपची वीज गेली किंवा प्रोसेस सक्तीने मारली गेली तर तोही चालत नाही. म्हणून तात्पुरत्या प्रत्येक साधनावर मुदतीचा टॅग लावावा आणि दर तासाला मुदत संपलेली साधने काढणारे एक वेगळे काम चालवावे. आमच्याकडे भरवसा या दुसऱ्या कामावर असतो. कॉन्टेक्स्ट मॅनेजर केवळ ते काम हलके करतो.

काढून टाकणाऱ्या कोडमध्ये चार गोष्टी तपासाव्यात. फिल्टरची यादी रिकामी असेल तर ईसी२ 'काहीच नाही' असे उत्तर देत नाही, तर खात्यातले त्या रीजनचे सगळे इन्स्टन्स परत देते. टॅग कॉन्फिगरेशनमधून वाचत असाल आणि ती फाइल रिकामी निघाली, तर पुढची टर्मिनेट (इन्स्टन्स कायमचा नष्ट करणारी) मेथड सर्वांवर चालेल. म्हणून यादी रिकामी असल्यास तिथेच एक्सेप्शन फेकावे. 'ड्राय रन' हा पर्याय फक्त परवानगी आहे की नाही एवढेच सांगतो, आणि परवानगी असल्याचे उत्तरही एक्सेप्शनच्या रूपातच येते. निवड बरोबर आहे का, हे तो सांगत नाही, म्हणून आयडींची यादी आधी छापून पाहावी. बकेट रिकामे केल्याशिवाय काढता येत नाही, आणि व्हर्जनिंग (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणे) चालू असेल तर वरवर रिकाम्या दिसणाऱ्या बकेटमध्ये जुन्या आवृत्त्या आणि डिलीट मार्कर शिल्लक असतात. तेही काढावे लागतात. शेवटचे म्हणजे, टर्मिनेट केलेला इन्स्टन्स यादीत साधारण तासभर दिसत राहतो, तेव्हा मोजणी करताना स्थिती पाहावी.


उत्तर | अंबड_लिंक_रोड

गोदाकाठ यांच्या यादीत परवानग्यांची भर घालतो, कारण कोडमधली तपासणी कोडच्याच चुकीने निकामी होऊ शकते.

आवराआवरीचे काम ज्या आयएएम रोलने (परवानग्यांच्या संचाने) चालते, त्याला टर्मिनेट आणि स्टॉपची परवानगी फक्त 'तात्पुरते' असा टॅग असलेल्या इन्स्टन्सपुरतीच द्यावी. धोरणात साधनाच्या टॅगची अट घालता येते. यादी मागण्याच्या डिस्क्राइब कॉलना मात्र अशी अट लागू होत नाही, त्यामुळे तो रोल सगळे पाहू शकेल, पण मोडू शकणार नाही, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे. त्याच रोलला टॅग बदलण्याची परवानगी देऊ नये, नाहीतर अटीला अर्थ उरत नाही. हंगामातल्या खऱ्या सर्व्हरवर टर्मिनेशन प्रोटेक्शन चालू ठेवावे आणि डेटाबेसवर डिलीशन प्रोटेक्शन.

चाचण्यांबद्दलही एक सूचना. आपल्या क्लासच्या बहुतेक चाचण्यांना खरे वातावरण लागणारच नाही. क्लायंट बाहेरून दिलेला असल्यामुळे त्या जागी बोटोकोअरमधला (बोटो३च्या पायाभूत लायब्ररीतला) ठरलेली उत्तरे देणारा स्टबर देता येतो, किंवा मोटो ही लायब्ररी वापरून ईसी२ आणि एस३ची नक्कल स्मृतीतच उभी करता येते. मोटोमध्ये प्रत्येक सेवेची प्रत्येक गोष्ट नाही, आणि मुख्य म्हणजे खऱ्या सेवेतला विलंब तिथे जाणवत नाही: नुकताच तयार केलेला इन्स्टन्स लगेच विचारला तर खरे ईसी२ कधी कधी 'असा आयडी नाही' असे उत्तर देते. तेवढ्या प्रकरणांसाठी रात्री एकदा खऱ्या, मुदतीचा टॅग लावलेल्या वातावरणावर चाचणी चालवावी आणि दिवसभराचे काम नकलेवर भागवावे.


पेटीहिशेब

टॅगच्या अटीचे धोरण आज चाचणीच्या खात्यात लावून पाहिले. टॅग नसलेल्या इन्स्टन्सवर स्टॉप चालवल्यावर परवानगी नाकारली गेली आणि टॅग असलेला बंद झाला. डिस्ट्रक्टरची सूचना रद्द केली आहे. आरडीएसच्या स्नॅपशॉटवरून पुन्हा उभारणी करताना पॅरामीटर ग्रुप (डेटाबेसच्या सेटिंगचा संच) आणि सिक्युरिटी ग्रुप वेगळे द्यावे लागतात का, एवढे कुणी सांगितल्यास हा विषय पूर्ण होईल.


उत्तर | सातपूरकर

होय, दोन्ही स्वतःहून द्यावेत. ते न दिल्यास डेटाबेस डीफॉल्ट सिक्युरिटी ग्रुपसह उभा राहू शकतो आणि आपले ॲप त्याला जोडलेच जाणार नाही. पॅरामीटर ग्रुप स्नॅपशॉटच्या आत नसतो, म्हणून हंगाम संपल्यावर डेटाबेस काढला तरी तो ग्रुप काढू नये. हंगाम सुरू करण्याच्या आपल्या मेथडमध्ये ही दोन्ही नावे सक्तीचे पॅरामीटर म्हणून घ्यावीत आणि त्यांना डीफॉल्ट मूल्य ठेवू नये.